पांढऱ्या गुंजेचा पाला

उमरोळी
४ नोव्हेंबर १९६६

हंसे,

मायना नीट नाही म्हणून नाक मुरडू नकोस. मागच्या दोन्ही पत्रांवर ‘सौ. हंसा हीस अनेक आशीर्वाद’ असं वळणदार अक्षरात लिहिलं होतं, त्यांचं तू काय लोणचं घातलंस देव जाणे. म्हणून या खेपेला नुसतं हंसे. या हाकेला तू चिंचेवरूनसुद्धा खाली उतरायचीस.

बाजाराच्या दिवशी पालघरला तुझी सासू भेटली. जमनामावशी नवापूरहून सुक्या बोंबलांची पाटी घेऊन आल्या होत्या. मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी हलेचना, तेव्हा पाटीतल्या बोंबलांकडे बघत म्हणाल्या, “चौथा महिना हाय पोरीला. पहिली खेप. आणि माहेर नाय तिला.” मग माझ्या पिशवीत ओंजळभर बोंबील टाकले आणि पैसे घेईनात. मला तिथेच रडू आलं. लोकांना वाटलं असेल, मास्तरीणबाईला बोंबील महाग पडले.

आता ऐक. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. तुझंही होईल. आई नसली तरी मी आहे, कुंभवलीची चिमीआत्या आहे, तिने अर्ध्या गावाच्या नाळा कापल्यात. सातवा लागला की तुझ्या नवऱ्याला, रामाला सांग, तिथून वेरावळहून गाडीत बसवून दे. विरमगामला गाडी बदलायची, एवढाच काय तो त्रास. मला दुसरं काही नको. तू या घरात बाळंत व्हायला हवीस.

मी लिहितेय हे बाबांना ठाऊक नाही. ते बरे आहेत. थोडे वाळलेत, पण वाडीत राबणारा माणूस गुबगुबीत कधी असतो? पानवेली यंदा मांडवाच्या वर गेल्यात. दुपारी आत शिरलं की बाहेर ऊन आहे हे विसरायला होतं, सगळा उजेड हिरवा होऊन खाली येतो. बाबा तिथे पानं खुडता खुडता मध्येच थांबतात आणि कुठे तरी बघत राहतात. हाक मारली की म्हणतात, “आलो.” येत मात्र नाहीत.

माझं विचारशील तर (विचारणार नाहीसच, तरी सांगते) मी सध्या आपल्या कुंपणावरचा पाला उकळते. कॉलेजात दिवसभर मुलांची प्रात्यक्षिकं घ्यायची, आणि ती घरी गेली की तीच शेगडी, तीच भांडी, आणि गुंजेचा पाला. विहिरीमागची पांढरी गुंज आठवते? शाळेतून येताना आपण मूठभर पाला चावायचो आणि वर रहाटाचं पाणी प्यायचो. काय गोड लागायचं ते पाणी. हे मी मुंबईच्या माझ्या सरांना सांगितलं, तर म्हणाले, पाल्यात काय आहे ते शोधा, एम.एस्सी.चा प्रबंध होईल. एवढ्यावर पदवी मिळत असेल तर आपण दोघी चौथीतच एम.एस्सी. झालो होतो.

उत्तर लिही. चार ओळी पुरे. शिव्या असल्या तरी चालतील.

तुझी,
ताई


उमरोळी
२७ नोव्हेंबर १९६६

हंसे,

उत्तर नाही. हरकत नाही, मी काही थकणारी नव्हे.

रविवार आहे. ओटीवर पाला वाळत घातलाय, सावलीतच, कारण उन्हात त्याचा रंगही जातो आणि चवही. गुंजेची पानं अशी बारीक की वारा आला की सगळी ओटी सरकतेय असं वाटतं. मी राखण करता करता पेंगते आणि पेंगता पेंगता राखण करते. शेंगा वेगळ्या खुडून खोल पुरून टाकते, बी विषारी असतं ना. पाला गोड आणि बी जहर, एकाच वेलीला दोन्ही कसं सुचतं कोण जाणे. विहिरीवर पाण्याचं इंजिन चालू आहे. रामाने दुरुस्त केलेलं तेच, अजून बंद पडलेलं नाही. त्याचा आवाज ऐकत पडलं की मला दरवेळी वाटतं, तू आत आहेस आणि मुद्दाम ओ देत नाहीस.

रामा पहिल्यांदा आला तो दिवस तुला जितका आठवतो तितका मलाही आठवतो, हे तुला माहीत नसेल. नवापूरच्या होड्यांची इंजिनं नीट करणारा पोरगा म्हणून बाबांनीच त्याला बोलावलं. तो कोपरापर्यंत तेलाने काळा झालेला, आणि तू ताक घेऊन गेलीस ती ताक देऊन परत यायला विसरलीस. बाबांना तो आवडला होता. “हात हुशार हाय त्याचा,” म्हणाले होते. पुढे गोष्ट लग्नावर आली तेव्हा भाऊबंद किती बोलले! मासेमाराच्या घरी पोर देतोस? बाबा महिनाभर गप्प राहिले आणि एके दिवशी जेवताना म्हणाले, “साखरपुडा करून टाकू.” त्या वेळी आपण दोघी स्वयंपाकघरात तोंडावर पदर दाबून नाचलो होतो.

म्हणून तर तो साखरपुडा मला कधीच कळला नाही. पाच वर्षं मी तो पुन्हा पुन्हा बघते. अंगणात मांडव, रामाला वडील नाहीत म्हणून पुडा जमनामावशींच्या हातात. रीत एवढीच की दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी एकाच पुड्यातली चिमूट तोंडात टाकायची आणि सोयरीक ठरली म्हणायचं. पहिला मान बाबांचा. त्यांनी चिमूट घेतली, तोंडात टाकली, आणि त्यांचा चेहरा बदलला. वळले, थुंकले. “ही साखर नाय. रेती हाय ही.”

मावशींच्या हातून पुडा खाली पडला. त्यांचे दीर उठून उभे राहिले. “आमच्या हातची साखर तुमाला रेती लागते?” तू म्हणालीस, बाबा, माफी मागा. ते म्हणाले, “मी मागू? मला रेती चारली ह्यांनी.” त्यानंतर तू रामाकडच्यांच्या बैलगाडीत जाऊन बसलीस, लग्नही तिकडेच केलंस, आणि आजवर उतरली नाहीस.

दुसऱ्या दिवशी मी अंगण झाडायला गेले तर पुडा पडला होता त्या जागी मुंग्यांची रांग लागलेली. रेतीला मुंग्या लागत नाहीत, हंसे. मी बाबांना हात धरून नेलं आणि दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, “माझ्या जिभेला कळतं.” त्या दिवसापासून मी समजून चुकले की बाबांनी ते जाणूनबुजून केलं. भाऊबंदांना भ्याले, आणि ऐन वेळी मोडायला निमित्त शोधलं. तूही तेच समजतेस, हो ना? आपण दोघी त्यांच्याबद्दल तेच समजतो, फरक इतकाच की मला त्यांच्यासमोर रोज ताट वाढावं लागतं.

तू गेल्यापासून त्यांनी गोड खायचं सोडलंय. चहासुद्धा बिनसाखरेचा. कोणी विचारलं तर उठून जातात. मला वाटतं, तुझ्यासाठीच सोडलं असावं. तेवढी तरी खंत आहे म्हणायची.

पाला वाळला. वारा पडलाय, आता गोळा करते.

तुझी,
ताई


पालघर
१८ डिसेंबर १९६६

हंसे,

तुझं कार्ड आलं. ‘मला माहेर नाही. पत्रं पाठवू नकोस.’ दोन ओळींसाठी अख्खं कार्ड वाया घालवलंस. अक्षर तेवढं सुधारलंय.

आधी मला राग आला. मग मी कार्ड घेऊन प्रयोगशाळेत आले, कारण घरी बाबांच्या नजरेला पडलं असतं. आज सुट्टी, चिटपाखरू नाही. शिपाई बन्सी दार उघडून देऊन अंगणात घोंगडी टाकून झोपलाय. बोईसरच्या बाजूने ट्रक जातायत, तारापूरला ते अणुवीजघर उभं राहतंय ना, त्याच्या सिमेंटचे. बोईसरच्या चहाच्या टपरीवर आता सगळं हिंदी चालतं. परवा मी मराठीत चहा मागितला तर पोऱ्याने मलाच विचारलं, “बहनजी, कहाँ से आयी हो?”

माझं काम सांगते. तुला नको असलं तरी वाचशील, मला माहीत आहे. पाला कुटला, त्यातलं तेलकट काढून टाकलं, पाण्यात उकळला, गाळला, आटवला. तळाला काळपट चिकट असं काही उरतं. नखाएवढं जिभेला लावलं की आधी काहीच नाही, मग हळूहळू गोडी येते आणि जायचं नाव घेत नाही. साखर कशी लगेच येते आणि लगेच जाते, ही तशी नाही. उशिरा येते आणि मुक्काम करते. सगळ्या पुस्तकांत लिहिलंय की ही ज्येष्ठमधाचीच गोडी. म्हणून मी कागदाच्या लांब पट्टीवर एक थेंब ज्येष्ठमधाचा ठेवला, शेजारी एक पाल्याचा, आणि पट्टीचं टोक बरणीतल्या द्रवात बुडवलं. द्रव कागदातून वर चढतो आणि प्रत्येक पदार्थाला आपापल्या उंचीवर नेऊन सोडतो. मी तासन्‌तास बरणीसमोर बसून असते. कागद ओला होत जातो, ओल वर वर सरकते, आणि मला आपण दोघी विहिरीच्या काठावर बसून पाणी भरताना बघायचो ते आठवतं. कधी डोळा लागतो ते कळत नाही.

पट्टी वाळवून वर औषध फवारलं. ज्येष्ठमधाचा डाग जिथे यायचा तिथे आला. पाल्याचाही एक फिका डाग त्याच उंचीवर. पण त्याच्या वर, बऱ्याच वर, पाल्याचा आणखी एक डाग होता. ज्येष्ठमधात तो नाही. तांबड्या गुंजेच्या पाल्यात नावापुरता आहे. आपल्या कुंपणावरच्या पांढऱ्या गुंजेत ठळक. औषध न फवारलेल्या दुसऱ्या पट्टीचा तेवढाच कागद कापून पाण्यात भिजवला आणि ते पाणी चाखलं. हंसे, तोच तो विहिरीवरचा गोडवा. त्याला अजून नाव नाही. लहानपणभर आपण जे चावत होतो त्याला कोणी नावच दिलेलं नाही, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं.

सरांना कळवलं. ते म्हणतात, एकटीच्या जिभेवर विश्वास कोण ठेवणार? चार वेगवेगळ्या माणसांना चाखायला द्या, शेजारी साखरेचं पाणी ठेवा, आणि किती पातळ केल्यावर गोडी हरवते ते बघा. मी, बन्सी आणि आपली चिमीआत्या. चौथं कोण? पानाचा देठ चावून ते माहीमच्या वाडीतलं की केळव्याच्या हे सांगणारा माणूस आपल्याच घरात आहे. त्यांच्याशी मी कामापुरतंच बोलते, पण जीभ त्यांची आहे. विचारते.

आणि पत्रं येत राहतील. पोस्टमन माझा विद्यार्थी होता.

तुझी,
ताई


उमरोळी
८ जानेवारी १९६७

हंसे,

हे पत्र बसून वाच. रामा घरी असेल तर त्यालाही बसव.

मी बाबांना दोन दिवस आधीच सांगून ठेवलं होतं की रविवारी सकाळी गोड पाणी चाखायचंय. ते “बरं” म्हणाले. आज ओटीवर वाट्या मांडल्या. काहींत पाल्याचं पाणी, कमी-जास्त पातळ केलेलं, आणि एका वाटीत मुद्दाम साखरेचं पाणी, चांगलं पाक म्हणावं असं. कुठल्या वाटीत काय ते मलाच ठाऊक. बन्सी म्हणाला, गोड, गोड, हे कमी गोड. चिमीआत्याने प्रत्येक वाटीला “अगो बाय” म्हटलं, म्हणजे ते गोडच धरायचं. मग बाबा विहिरीकडून आले, चूळ न भरता बसले आणि पहिली वाटी तोंडाला लावली.

“पाणी हाय.”

दुसरी. “पाणी.”

मी साखरेची वाटी पुढे केली. त्यांनी घोट घेतला, तोंडात घोळवला. “मंजू, हे पण पाणीच हाय. जरा जाड पाणी.”

माझं डोकंच फिरलं. इतक्या वर्षांचं सगळं तोंडाशी आलं. म्हटलं, बाबा, त्यांची साखर रेती आणि माझी साखर पाणी, तुम्हाला पोरींचं काहीच गोड लागत नाही का? आणि शेजारची साखरेची बरणी उचलून चिमूटभर त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती मुकाट्याने तोंडात टाकली.

आणि हंसे, तोच चेहरा. अगदी तोच, मांडवातला. नाटक करणारा माणूस असा दिसत नाही. ते माझ्याकडे असे बघत होते जणू मीही त्यांना फसवलं. “पोरी,” म्हणाले, “तू पण रेती चारतेस?”

बरणी आपल्या घरची, साखर मी आणलेली.  मी विचारलं, बाबा, इथे येण्याआधी तुम्ही काय खाल्लंत?  आत्या म्हणाली, “वामन, सांग रं.” मग त्यांनी कनवटीचा रुमाल सोडला. त्यात पाला होता, हिरवा, ताजा. बेडकीचा पाला. लाकडाची मोळी घेऊन येणारा बुधा डोंगरातून आणून देतो तो. “साखरेवर हाय,” म्हणाले. कोणती साखर? तर म्हणाले, “माझ्या अंगातली.”

त्यांना मधुमेह आहे, हंसे. तुझ्या साखरपुड्याच्या आठवडाभर आधी पालघरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. का, माहीत आहे? मुलीच्या बापाला असला रोग आहे हे कळलं तर नवरदेवाकडचे म्हणतील, पोरीलाही होईल. तुझं लग्न मोडू नये म्हणून ते गप्प राहिले. आणि बुधाने सांगितलं की हा पाला चावला की साखर बाधत नाही, म्हणून गोड तोंडात घालायची वेळ येणार असली की आधी मूठभर पाला चावायचा, असा त्यांनी नेम धरला. त्या दिवशी पाहुणे दारात आले तेव्हा ते विहिरीमागे पाला चावत होते. तुझ्या पुड्यातली साखर अंगाला लागू नये म्हणून. आज माझ्या वाट्यांसाठीही तेच केलं.

मी त्यांच्या रुमालातली दोन पानं घेतली आणि चावली. कडू, तुरट, हिरवट. मग साखरेची चिमूट जिभेवर ठेवली. काही नाही. गोड नाही, आंबट नाही, काहीच नाही. नुसते खरखरीत कण दातांखाली. मी ते थुंकले, बाबांसारखंच, अंगणात, त्याच बाजूला. आत्याने कपाळाला हात लावला.

तिथे उभी राहून मला रडू येत होतं आणि जिभेवर रेती होती. बाबा खोटं बोलले नव्हते. मावशींनी रेती आणली नव्हती. पाच वर्षं आपण सगळे खरंच बोलत होतो.

मग मी त्यांना समजावलं. म्हटलं, बाबा, ह्या पाल्याने गोड मरतं. काही वेळ जिभेला गोड कळतच नाही. ते ओटीच्या खांबाला टेकून बसले. “मग ती साखर होती,” म्हणाले. हो, बाबा. “तिच्या सासूनं साखर आणली होती.” हो. मग त्यांनी विचारलं, “मंजू, मग मी गोड सोडलं ते कशासाठी?” मी म्हटलं, मधुमेहासाठीच ना? त्यावर ते म्हणाले, “त्यासाठी पण.” आणि उठून वाडीत गेले.

दुपारी मांडवात बघायला गेले तर पानं न खुडता नुसते बसले होते, त्या हिरव्या उजेडात. मी शेजारी बसले.  संध्याकाळी त्यांनी आपणहून पुन्हा वाटी मागितली, माझ्या पाल्याच्या पाण्याची. घोट घेतला आणि डोळे मिटले. “उशिरानं येतं,” म्हणाले, “पण हाय.”

तुझी,
ताई


उमरोळी
१५ जानेवारी १९६७

हंसे,

काल संक्रांत. सकाळी उठून बघते तर बाबांनी धुतलेलं धोतर नेसलेलं, टोपी घातलेली. म्हणाले, “चल.” कुठे, ते मी विचारलं नाही. बोईसरपर्यंत गाडी, पुढे तारापूरच्या रस्त्याने एका सिमेंटच्या ट्रकवाल्याने घेतलं. तो वाटभर हिंदीत त्याच्या गावच्या उसाचं सांगत होता आणि बाबा मान डोलवत होते. त्यांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. शेवटचा रस्ता पायी. नवापूरला बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या रांगांमधून गेलो, समुद्र ओहोटीवर होता, फार लांब गेलेला. ऊन असं की किनारा आणि पाणी वेगळं ओळखू येत नव्हतं. बाबांचा हात मी धरला होता. 

जमनामावशी दारात जाळं विणत बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या नाहीत. “बोला,” म्हणाल्या, “आज काय रेती राहिली होती चाखायची?”

बाबा अंगणात उभे राहिले. त्यांना फार बोलता येत नाही, तुला माहीतच आहे. त्यांनी रुमाल सोडला आणि पाला त्यांच्यापुढे धरला. “विहीणबाई,” म्हणाले. हंसे, त्यांनी विहीणबाई म्हटलं आणि मावशींच्या हातातली सुई थांबली. “विहीणबाई, हा पाला मी चावून आलो होतो. मला रोग हाय. लपवला. तुमची साखर साखरच होती.”

मावशींना पटेना. “पाल्यानं काय साखरेची रेती होते?” मग मी म्हटलं, मावशी, चावा. त्यांनी माझ्याकडे रागाने बघत चावला, चावता चावता बाबांच्या सात पिढ्या मनात काढल्या असाव्यात. मग आतून साखर आणली. तोंडात टाकली. आणि आ वासून माझ्याकडे बघत राहिल्या. एकदम हसायलाच लागल्या, जाळं मांडीवरून खाली पडेपर्यंत, आणि हसता हसता पदर डोळ्यांना. “अगं माझ्या पोरी,” म्हणाल्या, तुला की मला कोण जाणे. “आमी पाच वरसं भांडलो ते ह्या पाल्यापायी?”

बाबांनी हात पुढे केला. “आता मला द्या. मी सकाळपास्नं काय चावलं नाय.” मी म्हटलं, बाबा, डॉक्टर. ते म्हणाले, “चिमूट हाय, मंजू.” मावशींनी चिमूट दिली. बाबांनी ती जिभेवर ठेवली आणि विरघळू दिली, गिळायची घाई केली नाही. समुद्राकडे तोंड करून उभे होते, म्हणून चेहरा मला दिसला नाही. “गोड हाय,” म्हणाले.

आता तुझं. मी तुला ओळखते. तू म्हणशील, ताई गोष्टी रचते, बाप-लेकीने मिळून सोंग काढलं. म्हणून पाकिटात दोन पुड्या ठेवल्यात. काळ्या दोऱ्याच्या पुडीत बेडकीचा पाला आहे, वाळलेला, पण चालतो, मी करून पाहिलाय. तो चांगला चावून थुंकून दे आणि घरातली साखर तोंडात टाक. तुझ्या बापाने त्या दिवशी काय चाखलं ते तुला कळेल. मग बस. जीभ परत यायला तासभर लागतो. आता पुन्हा तो बेडकीचा पाला चावू नकोस, पोटात बाळ आहे. त्या तासाभरात रामाशी बोल, नाहीतर आमच्यावर चीड, तुझी मर्जी. तासाभराने पांढऱ्या दोऱ्याची पुडी सोड. ती विहिरीमागच्या कुंपणावरची आहे. एकच पान चाव आणि वर पाणी पी.

गोड लागलं तर कळव कुठल्या गाडीने येतेस. सातवा लागत आलाय.

तुझी,
ताई


उमरोळी
३ फेब्रुवारी १९६७

चि. हंसास,

मंजू म्हणाली तुम्हीच लिहा. माझं अक्षर चौथीतलं आहे, समजून घे.

तुझं कार्ड आलं. तू लिहिलंस, रेती लागली. ते वाचून मला बरं वाटलं. आता तुला पण ठाऊक झालं. मग लिहिलंस, गुंज गोड लागली. त्या वेलीला मी पाणी घालतो, ती वाळू दिली नाही.

तुझं लग्न मोडू नये म्हणून मी रोग लपवला आणि माझ्याच तोंडानं साखरपुडा मोडला. त्यावर मी काय लिहू. तू आलीस की बोलेन, जमलं तर. नाही जमलं तर मंजू बोलेल, तिला जमतं.

चिमीआत्यानं आतली खोली सारवून ठेवली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, मी घेतो. मंजूच्या त्या पाण्याला अजून नाव मिळालं नाही, ती रोज बरणीसमोर बसते.

तू कळवलेली गाडी पालघरला सकाळी येते. मी आणि विहीणबाई दोघं स्टेशनावर असू. साखरेचा पुडा त्या आणणार. राहिलेला साखरपुडा तिथेच फलाटावर करू, मग घरी जाऊ. त्या दिवशी पाला चावणार नाही, कोऱ्या तोंडानं येतो.

तुझा,
बाबा